चाळीस गोळे आणि एक रविवार

अकाईतीला राग आला की ती करवत चालू करी. रारोटोंगा बेटावरच्या छोट्या प्रयोगशाळेत हिऱ्याच्या पात्याची एक करवत होती. समुद्रतळावरून आणलेले धातूयुक्त दगडाचे काळे गोळे तिच्यावर मधोमध कापायचं काम अकाईती एकवीस वर्षं करत आली होती. तिचं शिक्षण बेटावरच्या शाळेपुरतंच, पण गोळा हातात घेऊन तो कुठल्या भागातला हे ती वजनावरून सांगे.

त्या सोमवारी करवत सकाळी आठलाच किंचाळायला लागली, आणि पात्याखाली गोळा नव्हताच.

झालं होतं असं. शनिवारी संध्याकाळी सर्वेक्षणाची बोट धक्क्याला लागली. नमुने टिकवायचं बोटीवरचं अल्कोहोल संपलं होतं, म्हणून शेवटचा खोका नुसत्या थंड समुद्रपाण्यात आला होता. आत चाळीस गोळे, पाच हजार मीटर खोलीवरचे. अकाईतीने नोंदवहीत सगळ्यांना नंबर दिले आणि पहिले तीन भिंगाखाली धरले. दगडाला तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे स्पंज चिकटले होते, बारीक देठांवर उभे. तिन्हींवर मिळून अकरा. तिने वहीत पेन्सिलीने त्यांची चित्रं काढली; सोडवायचं काम सगळ्यांचं एकदमच करायचं ठरवलं. वर येईपर्यंत असे जीव मरतातच, पण अंग शाबूत असतं. लगेच सोडवून अल्कोहोलमध्ये घातले तर टिकतात. नाहीतर कुजतात.

चाळीस गोळे नीट तपासायचे म्हणजे रविवारची दुपार होणार. आणि रविवारी बेटावर कुणी काम करत नाही. तिने काकांना फोन लावला. नूमंगा काका चर्चचे डीकन, म्हणजे तिथला कारभार बघणारे; बेटावरच्या रीतीने ती त्यांना पापा म्हणे.

"पापा, उद्या दुपारपर्यंत प्रयोगशाळेत जाऊ का?"

"कशाला?"

"गोळे आलेत. खराब होतील."

काका हसले. "अगं, लाखो वर्षं तळाशी पडून होते ते. एक रविवार थांबायला त्यांना काय झालं? आणि स्तोत्रात तुझा वरचा सूर कोण लावणार, मी?"

तिलाही ते पटलं. हीच तिची चूक. दगड थांबतो. दगडावरचं थांबत नाही. हे बेटावर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी तिने खोक्याचं झाकण लावलं, खोका फ्रिजमध्ये ढकलला आणि दुसऱ्या दिवशी पांढरी टोपी घालून चर्चमध्ये उभी राहिली.

सोमवारी झाकण उघडलं तर वास. पाण्यावर तवंग, गोळे गुळगुळीत.

खाण कंपनीचा तरुण भूवैज्ञानिक कॅलम दहाला आला. त्याने खोक्यात डोकावून टिपण केलं आणि दुपारपर्यंत अहवाल छापलासुद्धा. त्यात एक ओळ होती: 'गोळ्यांवर सजीव आढळले नाहीत.'

"हे काय लिहिलंस?" अकाईतीने कागद त्याच्यासमोर आपटला. "शनिवारी अकरा होते. माझ्या नोंदवहीत आहेत."

"पेन्सिलीने काढलेली चित्रं आहेत ती. फोटो आहे? नमुना आहे?"

"कुजले ते!"

"मग आढळले नाहीत, असंच लिहावं लागतं ना?"

"प्रयोगशाळेची चावी तुझ्याकडेही होती. काल कुठे होतास?"

"मासे धरायला." तो जरा ओशाळला. "हे बघा, तुमच्या रविवारी मी इथे कुलूप उघडून बसलो असतो तर गावाने मला फाडून खाल्लं असतं. मी तुमच्या रीतीचा मान ठेवला."

तिने पुन्हा करवतीचं बटण दाबलं. मान ठेवला म्हणे! फुकटात ठेवता येतो तेव्हा मान सगळेच ठेवतात.

त्या ओळीवर पुष्कळ काही अवलंबून होतं. बुधवारी गावप्रमुखांची बैठक होती. हे गोळे आले तो समुद्रतळाचा पट्टा कंपनीला खरवडायला द्यायचा, की मासे वाढावेत म्हणून खाडीतल्या एखाद्या भागाला घालतात तशी त्याला बंदी घालायची, हे तिथे ठरणार होतं.

पट्ट्याची किंमत तिला कुणी समजावायची गरज नव्हती. शार्कचा एक दात तळाशी पडतो. दक्षिण ध्रुवाकडचं गार पाणी तिथवर प्राणवायू आणतं, म्हणून पाण्यातलं मँगनीज नि लोखंड त्या दातावर सायीसारखं धरत जातं, दहा लाख वर्षांत दोन-तीन मिलिमीटर. वरून गाळ जवळजवळ पडत नाही, त्यामुळे गोळा उघडा राहतो आणि सावकाश कोबाल्ट मुरवत बसतो. कंपनी आली होती ती या कोबाल्टसाठी. पण मैलोन्‌मैल मऊ चिखलात देठ रोवायला कठीण जागा म्हणाल तर तेवढाच तो गोळा. तो उचलला की स्पंजाने बसायचं कुठे?

बुधवारी चर्चशेजारच्या सभागृहात कॅलमने अहवाल वाचला. ती ओळ आली तशी अकाईती उभी राहिली.

"खोटं आहे."

"खाली बस," पुढच्या बाकावरून काका पुटपुटले.

"नाही बसत, पापा. शनिवारी अकरा जीव होते. मी मोजले. रविवारी मी काम केलं नाही, म्हणून खोका कुजला. मारले नसतील, पण पुसून टाकले आम्ही. मी झाकण लावलं, तुम्ही लावायला सांगितलं आणि हा मासे धरायला गेला. आता हा म्हणतो तिथे कुणी नव्हतंच!"

सभागृहात कुजबुज उठली. काकांचा चेहरा लाल झाला. "देवाच्या दिवसाला दोष देतेस?"

"दिवसाला नाही. आपल्याला देतेय."

प्रमुखबाई उपोकोइना इतका वेळ पंख्याने वारा घेत होत्या. त्यांनी पंखा मांडीवर ठेवला. "चाळीसपैकी तू किती बघितलेस?"

"तीन."

"बाकीच्यांवर काय होतं?"

"माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही." हे बोलताना तिचा आवाज फाटला, आणि त्याचाही तिला राग आला.

"मग तेवढंच लिही."

"अशी वाक्यं शास्त्रीय अहवालात बसत नाहीत," कॅलम म्हणाला.

"बसव," प्रमुखबाई म्हणाल्या. "नवा खोका येईपर्यंत त्या पट्ट्याला बंदी."

अकाईतीने प्रत्येक प्रतीवर ती ओळ खोडली आणि लिहिलं: 'तीन गोळ्यांवर अकरा जीव. उरलेले सदतीस तपासण्याआधी आमच्या फ्रिजमध्ये कुजले.' पेन इतकं दाबलं की दोन प्रती फाटल्या.

दारात काकांनी गाठलं. "सगळ्यांसमोर माझी लाज काढलीस."

"माझीही काढली. आणि तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, पापा."

त्यानंतर काका तिच्याशी बोलले नाहीत.

नवा खोका चार महिन्यांनी आला, पुन्हा शनिवारीच. अकाईतीने कुणालाही फोन केला नाही. रविवारी सकाळी ती चिमटा आणि बरण्या घेऊन बसली. खिडकीतून चर्चमधलं स्तोत्र ऐकू येत होतं. वरच्या सुराची जागा आली, आणि तो कुणी लावलाच नाही. पुरुषांचे आवाज क्षणभर तसेच लोंबकळत राहिले.

अकाईतीने सोळाव्या गोळ्यावरचा स्पंज अलगद सोडवून बरणीत टाकला, आकडा लिहिला, आणि दात आवळूनच तो सूर लावला.