मंजुरी येईस्तोवर

माझ्या मावसाजींइतका कायद्याला मानणारा, आणि मानता मानता तो रोज मोडणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. संग्रामपूरजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचा संत्र्याचा बाग होता. मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि मावशीच्या हट्टापायी त्यांच्याच घरी राहिलो, म्हणून हे सगळं डोळ्यांदेखत पाहिलं; एरवी मीसुद्धा थापाच समजलो असतो. कलमाचा चाकू त्यांच्या बंडीच्या खिशात कायम. लग्नात, मौतीत, देवळात, कुठंही. माझ्या मावसबहिणीसाठी, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लेकीसाठी, मुलगा बघायला गेलो तेव्हा हे बैठकीत टेकायच्या आधीच परसात गेले, आणि पोहे येईपर्यंत तिथल्या जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून मोकळे झाले. "पोरगा कसा वाटला?" मावशीनं परतताना विचारलं. "जमीन चांगली हाये," मावसाजी म्हणाले. त्यावर सोयरीक जमलीसुद्धा.

डोळा बांधणं म्हणजे ऐकायला काहीच नाही. संत्र्याच्या काडीवरचा कोंब सालीसकट अलगद काढायचा, जंबेरीच्या, म्हणजे खुंटासाठी लावलेल्या आंबट रानलिंबाच्या, सालीला चीर देऊन आत बसवायचा आणि केळीच्या सोपटानं आवळायचं. इतरांचे दहातले सहा-सात सुकायचे. मावसाजींचा एक सुकत नसे. पण माणूस चौथी नापास. नापास झाला त्याच दिवशी बापानं हाताला धरून बागेत आणून सोडलेला. पन्नाशी उलटली तरी शाळेसमोरून जाताना ते पागोटं सारखं करीत आणि मला, घरात ज्याला अरेतुरे करीत त्या भाच्याला, तिथं मात्र 'गुरुजी' म्हणत.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. शेतकऱ्यांसाठी गावोगाव बहिःशाल वर्ग काढणार, असं विद्यापीठाचं पत्रक शाळेत आलं. शिकवणारा गावातला चालेल, मात्र अभ्यासक्रम आणि अध्यापक या दोहोंना आधी मंजुरी हवी. मी ते जेवताना सहज वाचून दाखवलं. मावसाजींचा घास हातातच राहिला. "म्हंजे मले विद्यापीठाचा मास्तर होता येते?"

"अर्ज करावा लागेल."

"मंग ऊठ ना बे! जेवत काय राह्यला!"

अर्ज तीन प्रतींत. 'अध्यापकाची शैक्षणिक अर्हता' या रकान्यात त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, 'चौथी नापास, संत्रा पास.' 'अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट' : 'डोळा लागावा.' 'संदर्भग्रंथ' : 'झाड.' मी हात जोडले, पण ऐकतील तर ते मावसाजी कसले! चार महिन्यांनी अर्ज परत आला. मला वाटलं, आता शिव्या असतील. तर कचेरीची हरकत एवढीच की, संदर्भग्रंथाचं प्रकाशनवर्ष दिलेलं नाही. मावसाजींनी झाड लावल्याचं साल घातलं. त्यावर पुन्हा कधी हरकत आली नाही. पुढं चारित्र्याचा दाखला, दोन पदवीधरांच्या शिफारशी, तासवार टिपण, असं एकेक मागवत तीन वर्षं गेली. गावात पदवीधर दोनच, मी आणि गुरांचे डॉक्टर. डॉक्टरांनी लिहून दिलं, 'प्रकृती उत्तम, कामास योग्य.'

या तीन वर्षांत मावसाजींनी कायदा कडक पाळला. मंजुरीशिवाय शिकवायचं नाही म्हणजे नाही! कोणी चाकू घेऊन आलं की आधी दम भरत, "शिकवून नाही राह्यलो मी, समजलं? नुसतं दाखवून राह्यलो." मग तिन्हीसांजेपर्यंत दाखवत. बायकांना दाखवलं, गुराख्यांना दाखवलं, एसटीच्या कंडक्टरला गाडी थांबवून दाखवलं. मावशी म्हणायची, "दाखवा, दाखवा. पाव्हण्यायले च्या बी तुम्हीच दाखवा."

आणि एके दिवशी मंजुरी आली! मावसाजींनी पत्र देवापाशी ठेवलं, नवं धोतर आणलं. मी मात्र खालची अट वाचून गार पडलो. 'सदर विषयाचे पूर्वज्ञान नसलेले किमान पंधरा विद्यार्थी आवश्यक.' आता आणायचे कुठून? गावात डोळा बांधता न येणारं माणूस उरलंच नव्हतं. शेवटी गणपत माळी, मावसाजींचा सगळ्यात पट्टीचा चेला, मला म्हणाला, "गुरुजी, फिकर नका करू. आम्ही बसतो पंधरा जनं. काहीच येत नाही म्हनतो." ही मसलत मावसाजींना कळू द्यायची नाही असं ठरलं, आणि तिथंच आम्ही फसलो.

पहिल्या दिवशी विद्यापीठाचे एक सज्जन अधिकारी पाहणीला आले. पंधरा जण चेहरे भाबडे करून झाडाखाली, वर्गासाठी आणलेल्या नव्या फळ्यासमोर बसले. एकानं चाकू उलटा धरला, दुसऱ्यानं "जंबेरी म्हंजे काय जी?" विचारलं. मावसाजी आधी गोंधळले, मग घाम पुसू लागले. गणपतनं डोळा खालचं टोक वर करून बांधला मात्र, त्यांचा तोल गेला.

"गणप्या! काऊन नासवून राह्यला बे? साऱ्या बागाचे डोळे तुनं बांधले ना औंदा? एक तरी सुकला का?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "म्हणजे यांना हे येतं?"

गणपत खाणाखुणा करत होता, मी मागून धोतर ओढत होतो. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. मावसाजींनी एकदा नव्या फळ्याकडं पाहिलं.

"येते, सायेब. ह्यायलेच नाही, साऱ्या गावाले येते. म्याच दाखवलं. अन् येते त्याले येत नाही कसं म्हनू?"

पंधरवड्यानं पत्र आलं. मी वाचलं, "पाहणीअंती, सदर विषय न येणारी एकही व्यक्ती गावात आढळली नाही. सबब वर्ग रद्द करण्यात येत आहे."

"पह्यलं वाक्य पुन्हा वाच."

मी तीनदा वाचलं. मग त्यांनी कागद घेतला, शिक्का उजेडात धरून पाहिला आणि एकेक अक्षर लावत मावशीला वाचून दाखवायला बसले. मावशी पदरानं डोळे पुसत होती. मी इतकी वर्षं शाळेत शिकवत होतो, पण माझ्या एकाही वर्गाबद्दल कोणत्याही कचेरीनं असं वाक्य लिहिलेलं नव्हतं. हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं, अगदी मनापासून.

"हाव," ते म्हणाले. कागदाची घडी घालून ती बंडीच्या खिशात, चाकूशेजारी ठेवली. मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "पन वसंता, एक दिवस तरी त्या पंधरा जनायनं मले गुरुजी म्हनाले पाह्यजे होतं बे."