म्हशीच्या गोळ्या

आमच्या घरात त्या काळी खुराक दोघांनाच मिळायचा, म्हशीला आणि मला. म्हैस दूध सोसायटीच्या योजनेतली, मी वस्तादांच्या तालमीतला. तिला सरकीची पेंड, मला तिचं दूध, आणि उरेल ते सोसायटीच्या कॅनमध्ये. आई कोऱ्या चहावर खूश असायची, निदान मला तसं वाटायचं. पैलवानाची नजर स्वतःच्या दंडापलीकडं फारशी जात नाही.

वस्तादांचे उपकार दुष्काळापासूनचे. त्या वर्षी तालमीची माती भिजवायला पाणी नव्हतं आणि आमच्या पोटात काही नव्हतं. वस्तादांनी आम्हा सगळ्यांना पाझर तलावाच्या कामावर नेलं. दिवसभर माती उपसायची, सरकारनं वाटलेली सुकडीची कोरडी वडी खायची आणि तिथंच चार डाव खेळायचे. आपल्या वाटची सुकडी ते आमच्यात वाटून टाकायचे. म्हणायचे, "मला चावत न्हाय." दात चांगले शाबूत होते.

पुढं पाऊसपाणी झालं, गावात सोसायटी आली, मीही अंगानं भरलो. कळंब तालुक्यात नाव व्हायला लागलं आणि एका वर्षी चैत्रातल्या देवीच्या जत्रेतली शेवटची कुस्ती माझ्यावर नेमली. समोरचा सोलापूरकडचा, माझ्यापेक्षा चांगलाच वजनदार. माझी झोप उडाली. शहरातल्या तालमीतून परत आलेला आमचाच एक जोडीदार पैलवान होता. त्यानं एक बाटली हातावर ठेवली. म्हणाला, "ताकदीच्या गोळ्या हायत. तिकडं समदेच घेत्यात. वस्तादाला सांगू नको."

बाटली मी गोठ्यातल्या कोनाड्यात लपवली. आईला ती दिसलीच.

"कशाच्या रं ह्या?"

"म्हशीच्या. दूध वाढायच्या."

तिनं बाटली पदरानं पुसून जागेवर ठेवली.

महिना-दीड महिन्यात अंग फुगलं. सदऱ्याच्या बाह्या उसवल्या. लोक वळून बघायला लागले आणि मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू? पण डोकंही फिरलं. तापट मी जन्माचाच, पण हा राग माझ्या ओळखीचा नव्हता. एका दुपारी भाकरीला उशीर झाला म्हणून मी ताट भिरकावलं आणि आईवर हात उगारला. हात वरच्या वर थांबला, एवढीच काय ती देवीची कृपा. आईनं ताट उचललं आणि सांडलेलं कोरड्यास पुसलं.

जत्रेला चार दिवस होते. सोसायटीत जनावरांचे डॉक्टर आले होते. आई बाटली घेऊन तिथं गेली आणि कॅन घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या गावासमोर तिनं विचारलं, "डाक्टरसाहेब, ह्या म्हशीच्या गोळ्या. रोज किती द्यायच्या?"

डॉक्टरांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. म्हणाले, "मावशी, ह्या माणसाच्या आहेत. म्हशीला देऊ नका." सोसायटीत जो हशा पिकला तो पुढं कित्येक वर्षं टिकला. माणसाच्या गोळ्या म्हशीला चारायला निघालेली अडाणी बाई! डॉक्टर मात्र हसले नाहीत. बाई कोणाची आई आहे हे त्यांना ठाऊक होतं. बाटली खिशात घालून ते थेट तालमीत गेले आणि या गोळ्या काळीज, यकृत कसं खातात ते त्यांनी वस्तादांना सांगितलं.

आमच्या तालमीची रीत अशी की, फडात उतरण्याआधी वस्तादांनी चिमूटभर माती कपाळाला लावायची. मातीशिवाय कोणी उतरत नसे. जत्रेच्या दिवशी हलगी कडाडत होती. मी लंगोट लावून त्यांच्यासमोर वाकलो. त्यांच्या मुठीत माती होती, पण मूठ उघडेना.

"वस्ताद, माती लावा."

"न्हाय. म्या सुकडीवर वाढवलेला गडी लावून द्यायचा हाय. तू कोन हाईस ते मला ठावं न्हाय."

मग तो मानी माणूस फडाच्या मधोमध जाऊन पंचांपुढं हात जोडून उभा राहिला. "आमचा गडी आजारी हाय. आमी कुस्ती सोडली." लोकांनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. मी संतापानं रडत घरी आलो आणि महिनाभर तालमीकडं फिरकलो नाही. गोळ्या सुटल्या तसं अंग उतरलं. वस्ताद रोज सकाळी यायचे, ओट्यावर बसून आईच्या हातचा कोरा चहा प्यायचे, आणि जाताना "चल" म्हणायचे. एका सकाळी मी उठून त्यांच्यामागं गेलो.

पुढच्या वर्षी तीच कुस्ती लढलो आणि चितपट झालो. कपाळाला माती होती, म्हणून त्याचं काही वाटलं नाही. गोळ्या देणारा माझा जोडीदार तिशीतच गेला. त्याच्या तिरडीला मी खांदा दिला, तेव्हा खांद्यावर वजन जाणवलं नाही. वस्तादांची ती बंद मूठ मला अजून दिसते, आणि दिसली की हात जोडले जातात.

म्हशीच्या गोळ्यांचा किस्सा मी पुढं आयुष्यभर रंगवून सांगत आलो. आई थकल्यावर एकदा नातवंडांना तिच्यासमोरच सांगितला. पोरं हसून पांगली. आई तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हशीच्या गोळ्या एवढ्याशा असत्यात व्हय रं? तू हात उगारलास तवाच वळखलं म्या, ह्यो त्या बाटलीचा हात हाय."

"मग डॉक्टरांना म्हशीच्या म्हणून का सांगितलंस?"

"मंग काय चार मानसांत लेकाचं नाव घिऊ?"

गाव इतकी वर्षं तिला हसत होतं, आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं मी हसत होतो.