दाराच्या मधोमध शिक्का

जळगावच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांवर माझा राग आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी विषय घेतला होता धुळ्यातल्या व्यापाऱ्यांच्या घरांची कोरीव दारं. त्या विषयाला ग्रंथालयात होतं काय? 'अलंकरण कला' अशी चिठ्ठी डकवलेल्या कपाटात मेंदीचे नमुने, रांगोळीची पुस्तकं आणि केक सजवण्याचं एक. इंटरनेटवर दारं शोधली की गुजरातची यायची. मूळ घरं तर पाडून तिथे कपड्यांची दुकानं झालेली.

चित्रं होती ती भुसावळच्या एका नानांकडे. मूळचे शिंदखेड्याचे, रेल्वेतून निवृत्त, फोटोचा भारी नाद. दारं जागेवर होती तेव्हा सुटीच्या दिवशी धुळ्याला जाऊन त्यांनी एकेका दाराचा फोटो काढला होता. निगेटिव्ह बुरशीने खाल्ल्या, उरला तो एक अल्बम. मुलांच्या उपयोगी पडेल म्हणून तो त्यांनी आमच्या कॉलेजला दिला. मी लगेच मोबाइलवर सगळं उतरवून घेणार होते, पण ग्रंथपालांनी हात लावू दिला नाही. आधी नोंद, मग वाचक.

नोंद झाली. अल्बम उघडला आणि माझं डोकंच फिरलं. प्रत्येक फोटोवर, बरोब्बर मधोमध, कॉलेजचा जांभळा गोल शिक्का. दाराच्या मधल्या फळीवरच मुख्य नक्षी असते, आणि नेमकी तीच गायब. वर शाई पसरलेली. मी विचारलं, हे काय करून ठेवलंत? तर म्हणे, पुस्तकांतली रंगीत चित्रं मुलं ब्लेडने कापून नेतात, म्हणून चित्र दिसलं की त्यावर शिक्का मारायचा, ही त्यांची वर्षानुवर्षांची पद्धत. कोपऱ्यात मारून उपयोग नाही, कोपरा सोडून कापतात.

"आता बघा ताई, एकही फोटो चोरीला जाणार नाही," ते म्हणाले. जेवून उठल्यासारखं समाधान होतं चेहऱ्यावर.

हा माणूस आळशी असता तर दारं वाचली असती. पण नाही, एकही पान त्याने सोडलं नव्हतं.

माझ्या मार्गदर्शक सरांना याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी एक फोटो संगणकावर घेतला, काहीतरी दाबलं आणि शिक्का गेला. त्या जागी कमळ आलं. देखणं, रेखीव. आजूबाजूच्या नक्षीवरून संगणकानेच ते बेतलं होतं. झालं की काम, उगाच डोक्यात राख घालून बसलीस, असं सर म्हणाले. मला शिक्क्यापेक्षा त्या कमळाचा जास्त संताप आला. शिक्क्याने निदान नक्षी असल्याचा आव तरी आणला नव्हता.

कमळाचा फोटो छापून मी भुसावळला गेले. नानांनी चष्मा कपाळावर सारला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि खाली ठेवला.

"हाऊ फोटो मना नही शे."

फोटो आपला नाही, हे त्यांनी ओळखलंच. मग मी सगळं सांगितलं, शिक्क्याचंही. मी विचारलं, या जागी होतं तरी काय? मोर, वेल, का गणपती?

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. आठवेना. शेवटी ते माझ्यावरच चिडले.

"ध्यानमा ठेवानं व्हतं तं फोटो कसाले काढतू मी?"

परत आल्यावर कमळ मी काढून टाकलं. प्रबंधात शिक्क्यासकट फोटो लावले आणि प्रत्येकाखाली लिहिलं, 'मधली नक्षी ग्रंथालयात नष्ट झाली.' सरांचं म्हणणं, नष्ट नको, अस्पष्ट लिही, म्हणजे कोणाला लागणार नाही. मी नष्टच ठेवलं. लागायलाच हवं.