माळकऱ्याच्या रक्तातली दारू

भुताखेतांच्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. सांगलीत हळदीची अडत आहे माझी, डोळ्यांना दिसतं तेवढंच मानणारा माणूस. पण उंब्रजजवळ भर दुपारी जे घडलं ते दिसूनही कळलं नाही... आणि त्यात माझी बाजू घाणेरडी आहे, म्हणून आजवर गप्प होतो.

साताऱ्याकडं पाहुण्यांच्या जत्रेत बोकडाचं जेवण होतं. मी भरपूर प्यालो. सोबत धाकटा मेव्हणा तानाजी — माळकरी, दारू-मटणाला कधी शिवला नाही. निघताना म्हणाला, "दाजी, चावी द्या. मी चालवतो."

"गप रं! तू आपला दुधाचा टेम्पो चालव."

सर्व्हिस रोडला एक म्हातारा सायकलवाला माझ्या गाडीखाली आला. जीव वाचला, पाय गेला. आजूबाजूला नुसता ऊस. लोक जमायच्या आत मी तानाजीला म्हणालो, "तू हिकडं स्टेरिंगवर बस. तू पीत न्हाईस, साधा अपघात ठरंल, लगेच सुटशील. मला दारूचं कलम लागंल."

आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणत नाहीत. तो बसला.

पोलिसानं त्याच्या तोंडाला मशीन लावलं. ते वाजलं.

"माळ घालून ढोसतोस व्हय रं?"

तानाजी काहीतरी बोलायला गेला, तर जीभ जड. पाय लटपटत होते. आणि मी... माझं डोकं पहाटे उठल्यासारखं लख्ख!

"ह्यानं माळ घातलीय, वास तर तुमचा यायला पाहिजे," पोलीस माझे डोळे बघत म्हणाला. "फुंका." फुंकलं. शून्य. नवी नळी लावली, तरी शून्य. दवाखान्यात दोघांचं रक्त घेतलं, तिथंही तेच.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोललो. माझं रक्त स्वच्छ होतं ना!

तानाजीला कैद झाली. लायसन्स गेलं, टेम्पो विकला. गळ्यातली माळ सासूबाईंनी स्वतःच्या हातानं उतरवली.

तो सुटून आला, तसा परवा त्याच्या गावी गेलो आणि पारावर सगळ्यांसमोर सांगितलं — गाडी मी चालवत होतो, प्यालेलो मी होतो. लोक हसले.

"आवं दाजी, मेव्हण्यापायी किती खोटं बोलाल? रिपोर्ट काय खोटा हाय व्हय?"

वकिलांना विचारलं, कदाचित नमुने बदलले असतील, म्हणाले. मग मशीनचं काय? त्याच्या लटपटत्या पायांचं काय?

पारावरून उठून तानाजीकडं गेलो. गोठ्यात वैरण टाकत होता. म्हणालो, "तान्या, मी खरं सांगितलं रं सगळ्यांना."

त्यानं मान वर केली नाही.

"ऱ्हाऊ द्या, दाजी. समदी इतकं म्हणत्यात... मलाबी आता वाटतंय, मी प्यालोच असंन."