स्वीडिश मैत्रिणीची मॅच

फ्रीझर उघडला की त्या गार वासासरशी मला नव्वदच्या दशकातली सिंगापूरची आइस रिंक आठवते. तिथल्या सेम्बावांगच्या शिपयार्डमधली माझी सहकारी पूर्वी स्वीडनमध्ये बायकांच्या संघातून आइस हॉकी खेळायची. सिंगापुरात तसा संघ नव्हता म्हणून पुरुषांबरोबर खेळे. एकदा मी तिची मॅच बघायला गेले होते, तेव्हा समोरच्या संघातल्या एका धिप्पाड माणसाने मुद्दाम तिच्या तोंडावर स्टिक हाणली. तिचा दात पडला, बर्फ लाल झाला. "चल, हॉस्पिटलमध्ये जाऊ," मी रडत म्हणाले. "मॅच संपू दे," रक्त थुंकत ती म्हणाली आणि परत आत गेली. मग तिने त्याला अशी धडक दिली की कठड्यावर आदळून त्याच्या खांद्याचं हाडच मोडलं. तो गुरासारखा ओरडत होता, आणि मी उभी राहून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांबद्दल मी अजून घरी कुणालाच सांगितलेलं नाही.