करंगळीची रीत

शिष्य गुरूचा सूर घेतो, ताल घेतो, बसण्याची ढब घेतो. आणि गुरूने जपले नाही, तर त्याचे खोटेही तितक्याच भक्तीने उचलतो. गिटार शिकवणारे आमचे सर याच वाटेने अपराधी झाले.

तरुणपणी दारात चेपून त्यांच्या डाव्या हाताची करंगळी कायमची ताठ झाली. माणूस हिकमती! उरलेल्या तीन बोटांनी तारा अशा दाबल्या, अशा दाबल्या, की कार्यक्रमांतून टाळ्या पडू लागल्या. इथवर सारे कौतुकाचेच. पुढे शिकवणी उघडली आणि पहिल्याच दिवशी कुणी तरी विचारले, "सर, करंगळी का नाही लावायची?" लाज आडवी आली. सर म्हणाले, "करंगळीने सूर मळतो. ही आपली रीत." झाले! बावीस वर्षे कित्येक धडधाकट करंगळ्या त्या खोलीत मुकाट निजून राहिल्या.

त्यांची लाडकी शिष्या टपालखात्यात कारकून. आठ वर्षे शिकलेली. संगीतशाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी वाजवून आली, ती थेट शिकवणीतच.

"परीक्षक म्हणाले, सूर गोड आहे, पण लांबचा सूर गाठताना हात उड्या मारतो. करंगळी लावायला शिका, महिन्याने पुन्हा ऐकतो."

"मग?"

"मग काय! म्हटलं, गुरूची रीत मोडून मला नोकरी नको. चांगले गप्प बसले!"

ती हसली. सरांनी डावा हात मांडीआड सरकवला. शिष्या पाणी प्यायला आत गेली, तशी बायको दारात आली.

"अहो, मेलेलं बोट आणखी किती दिवस मिरवणार? त्या पोरीची वाट अडवताय तुम्ही."

"ती काय म्हणेल मला?"

"म्हणू दे की! ऐकायची तयारी ठेवा."

शिष्या परतली. सरांनी डावा हात टेबलावर ठेवला. "हे बोट वाकवून बघ."

तिने आधी हळू, मग जोर लावून पाहिले. बोट वाकले नाही.

"दारात चेपलंय ते. रीतबीत काही नाही. माझ्या व्यंगाला तू देव मानलंस आणि मी पूजा करून घेतली."

तिने स्वतःची करंगळी वाकवून पाहिली.

"तुमचं बोट गेलं, त्यात तुमचा काय दोष, सर? पण माझं तर होतं ना!"

सर म्हणाले, "आजच परीक्षकांना फोन कर. करंगळी दुसऱ्या कुणाकडे शिक. मला ती शिकवता यायची नाही."

"करते. पण पाच वाजताची तुकडी येईल आता. त्यांना कोण सांगणार?"

जिन्यावर पावले वाजली. सहा जण हसत-खिदळत आत आले, गिटारी मांडीवर घेऊन बसले. शिष्या गेली नाही. भिंतीला टेकून सरांकडे पाहत राहिली.

सर उभे राहिले. "आज कुणी तारेला हात लावू नका," ते म्हणाले, "आधी माझं ऐका."