बिनतेलाचे आठ महिने

“तुमच्या मुलीची कावीळ कधीच बरी झाली आहे. आता ती आजारी आहे ती तुमच्या पथ्यानं,” वाशिमचे डॉक्टर म्हणाले. मला आधी त्यांचाच राग आला.

आरती माझी मुलगी, तेरा वर्षांची. शाळा सुरू झाली आणि तिला कावीळ झाली. आमच्या मेडशीकडे कावीळ म्हटली की आधी मुळी, मग दवाखाना. शेजारच्या गावातल्या, झाडपाल्याचं औषध देणाऱ्या बाबानं तिच्या हाताला मुळी बांधली आणि तेल, तूप, दूध, हळद बंद करायला सांगितलं. किती दिवस, ते त्यानं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

महिन्याभरात डोळ्यांचा पिवळेपणा गेला, पथ्य काही गेलं नाही. सासूबाई म्हणायच्या, “राहू दे अजून. उलटली तं पोरगी हातची जाईन.” पण सगळं त्यांच्यावर कशाला ढकलू? तिच्यासाठी वेगळा तवा मीच काढला. डब्यातले मूठभर शेंगदाणे खाल्ले म्हणून पाठीत धपाटाही मीच घातला. रोज उकडलेला पालक आणि गाजर द्यायचे, आणि त्याचा मला केवढा अभिमान!

हळूहळू तिची कोपरं, गुडघे काट्यासारखे खरखरीत झाले. वजन उतरलं. होळीच्या आधी ती म्हणाली, “आई, दिवस बुडाला की मले दिसून नाही राह्यलं वं.” अभ्यास टाळायचा बहाणा वाटला मला. चार दिवसांनी ती अंगणात बांधलेल्या म्हशीवर जाऊन आदळली, तेव्हा एसटीनं वाशिम गाठलं.

दोन दिवस नुसत्या रांगा. लिव्हर फंक्शन टेस्ट, म्हणजे यकृत नीट काम करतं का ते सांगणारी रक्ततपासणी, नॉर्मल आली. डोळ्यांना मात्र नाइट ब्लाइंडनेस, म्हणजे रातांधळेपणा. अजून उशीर केला असता तर बुबुळं कोरडी पडून नजर कायमची जाऊ शकली असती.

पण गाजर तर रोज देत होते, मी भांडल्यासारखं बोलले.

“व्हिटॅमिन ए फॅट-सोल्युबल आहे, म्हणजे तेलातुपात विरघळणारं. जेवणात तेलाचा थेंबही नसेल तर गाजरातलं फारसं अंगाला लागत नाही,” डॉक्टर म्हणाले. डी, ई आणि के यांचंही तसंच. कातडी, मेंदू, वाढत्या मुलीची पाळी, सगळ्यालाच स्निग्ध पदार्थ लागतात. हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? गावात तेलातुपाला नावं ठेवणारे शंभर भेटले, हे सांगणारा एक नाही.

औषधाच्या डोसांनी थोड्याच दिवसांत आरतीला संध्याकाळी दिसू लागलं. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. बायांनो, पथ्य सांगणाऱ्याला ते कधी सोडायचं हेही विचारा, आणि मुळीच्या आधी दवाखाना गाठा.

बाबावरचा माझा राग कधीतरी निवेल. स्वतःवरचा निवत नाही. आजही वरणावर तूप वाढलं की आरती घास थांबवून माझ्याकडे बघते आणि विचारते, “आई, खाऊ काय?”